नवा पाईप की वापरलेला? आधी आतलं भोक बघा, लाकूड नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तंबाखू ओढायचा एक नवा ब्रायरचा, म्हणजे लाकडी, पाईप घ्यायचाय, शिवाय कुणाच्यातरी संग्रहातले दोन जुने पाईप स्वस्तात मिळतायत, त्यातल्या एकाचं स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, पिवळट हिरवं पडलंय आणि दुसऱ्याच्या बाऊलमध्ये, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीत, बोट जात नाही इतका काळा थर जमलाय. तर यातलं काय घ्यावं, आणि घेतल्यावर लगेच वापरायचे की आधी काही तयारी लागते.

वीसेक वर्षं जुने पाईप साफ करतोय, दुरुस्त करतोय, त्यात बरेच खराबही केलेत, तेव्हा जरा सविस्तरच लिहितो. पण त्याआधी एक सांगून टाकतो. जो माणूस तंबाखू ओढतच नाही त्याने पाईप दिसायला छान असतो म्हणून सुरुवात करू नये. धूर छातीत घेत नाही म्हणजे काही होत नाही हा गैरसमज आहे, ओठाचा, तोंडाचा, घशाचा कॅन्सर पाईपनेही होतो. जुने पाईप विकत घेऊन, चकाचक करून नुसते कपाटात मांडून ठेवणारे लोक माझ्या ओळखीत आहेत आणि दुरुस्तीची मजा त्यांना तेवढीच येते.

आता नव्या पाईपचं बघू. आपण सगळे आधी काय बघतो, तर ग्रेन. लाकडावरच्या उभ्या रेषा, ते बारीक ठिपके, बर्ड्स आय म्हणतात ते. ग्रेन चांगला असला की किंमत कुठल्या कुठे जाते, पण धुराला काय ग्रेन कळत नाही. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाची मूळ आणि खोड यांच्यामधली गाठ. ही गाठ कामाच्या आकाराची व्हायला काही दशकं जातात, मग ती कापून तासन्‌तास उकळतात म्हणजे आतला रस आणि टॅनिन निघून जातं, आणि नंतर कित्येक महिने, कधी वर्षंही, सुकवतात. पाईपची चव खरी ठरते ती या उकळण्या-सुकवण्यात आणि ड्रिलिंगमध्ये, आणि दोन्ही गोष्टी फोटोत दिसत नाहीत. त्यातली पहिली तपासणं आपल्या हातात नाही. दुसरी मात्र आहे, आणि ती तपासायला एक पाईप क्लीनर, म्हणजे कापूस गुंडाळलेली लवचिक तार, पुरतो.

स्टेम बसवलेलं असतानाच तोंडाच्या बाजूने पाईप क्लीनर आत सरकवा. सरळ पाईपमध्ये तो कुठे न अडकता थेट बाऊलच्या तळाशी बाहेर आला पाहिजे. खूप वाकड्या पाईपमध्ये अडकला तर लगेच नापास करू नका, काही चांगल्या पाईपमध्येही तो कोपरा अवघड असतो, पण रोज वापरताना वैताग येतो हे लक्षात ठेवा. मग बाऊलमध्ये टॉर्च मारून बघा की ते भोक नेमकं कुठे उघडतंय. तळाला टेकून आणि मधोमध असेल तर उत्तम. तळापासून तीन-चार मिलिमीटर वर असेल तर तेवढा तंबाखू कधीच नीट जळणार नाही, ओला लगदा होऊन तळाशी बसेल आणि तुम्ही तंबाखूला दोष देत बसाल. यावर उपाय आहे, राख आणि पाण्याचं घट्ट मिश्रण करून तळ वर उचलायचा, याला पाईप मड म्हणतात, पण नव्या पाईपला पहिल्याच दिवशी हे करावं लागत असेल तर तो घ्यायचाच कशाला?

मग रिकाम्या पाईपमधून हवा ओढून बघा. भोक साधारण साडेतीन-चार मिलिमीटरचं असेल तर हवा सहज येते. शिट्टीसारखा आवाज आला तर कुठेतरी वाट अरुंद होतेय किंवा अचानक वळतेय. स्टेमची जी खुंटी दांडीत, म्हणजे बाऊलला जोडलेल्या लाकडी नळीत, जाते, टेनन म्हणतात तिला, ती दांडीतल्या खोबणीच्या तळापर्यंत जवळपास पोचली पाहिजे. मध्ये मोठी पोकळी राहिली तर तिथे धूर थंड होतो, पाणी साचतं आणि पाईप गुडगुडायला लागतो. फिल्टरवाल्या पाईपमध्ये ही पोकळी मुद्दाम ठेवलेली असते, नऊ मिलिमीटरचा फिल्टर बसावा म्हणून, तेव्हा फिल्टर नको असेल तर तिथे अडॅप्टर घाला, जागा उघडी ठेवू नका.

एक साधी युक्ती सांगतो. आगपेटीची काडी किंवा क्लीनर बाऊलमध्ये तळापर्यंत घालून रिमच्या, म्हणजे बाऊलच्या वरच्या काठाच्या, पातळीला नखाने खूण करा आणि तेवढंच माप बाहेरून बाऊलला लावून बघा. काडीचं टोक आणि बाऊलचं बूड यांत किती अंतर उरलं ती तळाची जाडी. पाच-सहा मिलिमीटर असेल तर झोप लागेल, दोन-तीन असेल तर मी हात लावत नाही, कारण पाईप जळून भोक पडतं ते बऱ्याचदा तिथेच, तळाच्या आसपास.

लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेले पाईप घ्यावेत का हा नेहमीचा प्रश्न. ब्रायरमध्ये बारीक खड्डे निघतातच, ते लांबी भरून वर रंग मारतात. छोटी भरणी बाहेरच्या बाजूला असेल तर पाईप चालतो, फक्त ते सांगून कमी किमतीत विकायला हवं. मला राग येतो तो वरून जाड चकचकीत लॅकर चढवलेल्या गडद पाईपचा. त्याखाली काय काय लपलंय ते कळत नाही आणि गरम झाल्यावर त्या लॅकरला फोड येतात. त्यापेक्षा सँडब्लास्ट घ्या. वाळूच्या माऱ्याने मऊ लाकूड निघून जातं, ग्रेन उठून दिसतो आणि वरवरचे खड्डे त्यातच जातात. डनहिल या इंग्लिश पाईप कंपनीने आपल्या शेल फिनिशचं पेटंट १९१७ साली घेतलं तेव्हापासून ही पद्धत गाजली. त्याच कंपनीच्या गुळगुळीत पाईपपेक्षा सँडब्लास्ट बहुतेक वेळा स्वस्त पडतो आणि आतलं ड्रिलिंग तेच असतं, म्हणून पहिला पाईप घेणाऱ्याला मी हेच सुचवतो. वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास ठेवा, दातात धरायचा असेल तर त्याहून जड पाईपने जबडा दुखतो.

नव्याची तयारी तशी थोडीच असते. आत काळं कोटिंग असेल तर काही करू नका. आत कच्चं लाकूड असेल तरी काही करू नका, फक्त ओल्या बोटाने भिंत पुसून घ्या. आत जर लाकडाचा रंग किंवा चकचकीत वॉर्निश गेलेलं असेल तर मात्र ते बारीक पॉलिश पेपरने काढा, नाहीतर पहिले पाच-सहा बाऊल केमिकलच्या चवीचे होतात. मध लावा, ताक आणि कोळशाची पूड लावा असं लोक सांगतात, मी दोन्ही करून पाहिलंय, मधाने नुसती चिकचिक झाली, ताक-कोळशाचं कोटिंग चांगलं बसतं पण त्यावाचून अडत काही नाही. पहिले काही दिवस एक तृतीयांश, मग अर्धा, मग पूर्ण बाऊल भरावा असा जुना सल्ला आहे. माझं मत, भरा कितीही पण हळू ओढा आणि तळापर्यंत जाळा. बाऊल गालाला लावून धरवत नसेल तर थांबा, थंड होऊ द्या. नव्या लाकडाला पहिल्या दहा-पंधरा वेळा जेवढी उष्णता कमी मिळेल तेवढं बरं, नंतर आतून कार्बनचा पातळ थर बसतो आणि तोच लाकडाला सांभाळतो.

मीरशॉम आणि कॉब या प्रकारच्या पाईपचं वेगळं. मीरशॉम म्हणजे सेपिओलाइट नावाचं खनिज, तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरचं प्रसिद्ध आहे, त्याला ब्रेक-इन, म्हणजे हळूहळू सरावाला आणणं, लागत नाही आणि त्यात थर जमूच द्यायचा नाही, प्रत्येक वेळी कागदी रुमालाने पुसून काढायचा. मक्याच्या कणसाचा कॉब अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावात १८६९ पासून बनतोय, स्वस्त आहे, हलका आहे, काही तयारी नाही, आणि वेगवेगळे तंबाखू चाखून बघायला यापेक्षा चांगलं काही नाही. या दोन्हींना अल्कोहोलमध्ये किंवा पाण्यात भिजवायचं नाही, बाकी खाली जे लिहितोय ते फक्त ब्रायरसाठी.

आता वापरलेले पाईप, माझा आवडता विषय. जुना पाईप का घ्यावा तर त्याच पैशात बरंच चांगलं लाकूड आणि काम मिळतं, आणि जळून जायचा असता तर एव्हाना जळला असता. विकणाऱ्याकडे पाच फोटो मागा. रिम वरून, बाऊल आतून टॉर्च लावून, दांडीवरचा शिक्का जवळून, स्टेमची खालची बाजू दातांच्या जागेपाशी, आणि स्टेम काढून दांडीचं तोंड. हा पाचवा फोटो कुणी मागत नाही आणि सगळ्यात जास्त तोच सांगतो. दांडीच्या तोंडाला केसासारखी चीर असेल तर तिथे दिसते. स्टेम निघतच नाही असं विकणारा म्हणाला तर समजा की आत डांबर जमून चिकटलंय, ते सुटतं बहुतेक, पण किंमत त्या हिशोबाने पाडा.

शिक्का वाचायला शिका, वेळ चांगला जातो आणि फसवणूकही कमी होते. पीटरसन या आयरिश कंपनीच्या पाईपवर आयरिश फ्री स्टेट असेल तर तो १९२२ ते १९३७ च्या काळातला मानतात, रिपब्लिक ऑफ आयर्लंड असेल तर १९४९ नंतरचा. डनहिलवर इंग्लंड या शब्दाच्या शेवटी एक बारीक आकडा असतो, त्यावरून वर्ष काढता येतं. कोमॉय हे पाईप बनवणारे मूळचे फ्रान्समधल्या सेंट क्लोडचे, हेन्री कोमॉय १८७९ मध्ये लंडनला आले, त्यांच्या जुन्या पाईपच्या स्टेमवरचं सी हे अक्षर तीन तुकडे जोडून बसवलेलं आहे, नंतरच्यांवर नुसतं छापलेलं. आणि म्हणूनच साफ करताना शिक्क्यावर पॉलिश पेपर फिरवायचा नाही. मी सुरुवातीच्या काळात एका पाईपची दांडी इतकी छान गुळगुळीत केली की नाव गेलं, वर्ष गेलं, आणि किंमतही गेली.

साफसफाई कुठल्या क्रमाने करायची ते महत्त्वाचं. आधी स्टेम वेगळं करा. पाईप पूर्ण थंड हवा, फिरवत फिरवत एकाच दिशेने काढा. गरम पाईपचं स्टेम ओढलं की टेनन आत मोडून राहतो, माझ्या हातून दोनदा झालंय. अडकलं असेल तर पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, रबर लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि सुटतं. जोर लावू नका. नाहीच सुटलं तर परत ठेवा.

मग रीमिंग, म्हणजे बाऊलमधला थर खरवडून काढणं. बाऊलच्या भिंतीवरचा तो थर म्हणजे केक. केक हवा, पण दीड मिलिमीटरपर्यंत. त्याहून जाड झाला की गरम झाल्यावर तो लाकडापेक्षा जास्त फुगतो आणि बाऊलला तडा जातो. स्वतःच्या पाईपमध्ये मी पातळ थर ठेवतो, दुसऱ्याच्या पाईपमध्ये मात्र पार लाकडापर्यंत काढतो, कारण एक तर तो दुसऱ्याच्या तोंडाचा आहे, आणि दुसरं म्हणजे त्याखाली काय दडलंय हे बघायचं असतं. रीमरचं सगळ्यात लहान डोकं आधी घ्या आणि हळूहळू फिरवा. टोकदार सुरीने खरवडू नका, तळ सुळकेदार होतो आणि भोकाची कडा कातरली जाते. शेवटचं काम लाकडी काठीला पॉलिश पेपर गुंडाळून करा, तोंडाला मास्क लावून, ती पूड नाकात गेली की दिवसभर जुन्या राखेचा वास येतो. लाकूड दिसलं की सुईच्या टोकाने हलकेच टोचून बघा. नुसतं काळं पण टणक असेल तर डाग आहे, चालेल. कोळशासारखं भुसभुशीत लागलं तर तिथे लाकूड जळलंय, तो पाईप शोभेचा.

रिमवरचं डांबर काढायला महागडी केमिकल विकतात. खरं औषध फुकट आहे, कापसाला थुंकी लावा आणि घासा. हसू येतं पण तेच सगळ्यात सुरक्षित आहे, रंग जात नाही. दहा-वीस बोळे लागतील.

आतला वास हा खरा त्रास. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं सुगंधी तंबाखू किंवा लाटाकिया नावाचा धुरकट तंबाखू ओढला असेल तर त्याचं भूत लाकडात बसलेलं असतं. आधी दांडीतून अल्कोहोलमध्ये बुडवलेले क्लीनर आणि कापसाच्या काड्या घाला, पांढऱ्या बाहेर येईपर्यंत, कधी तीस तर कधी पन्नास लागतात. अल्कोहोल म्हणजे तीव्र इथेनॉल किंवा नव्वद टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल. रंगकामाचं मेथिलेटेड स्पिरिट अजिबात नको, त्यात मेथनॉल असतं, ते विषारी आहे आणि ही वस्तू तोंडात जायची आहे. एवढं करून वास उरला तर बाऊल कापसाने भरायचा, दांडीत कापसाची वात घालायची, ड्रॉपरने अल्कोहोल सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं, सकाळी कापूस चहासारखा तपकिरी झालेला असतो. बरेच लोक कापसाऐवजी मीठ वापरतात. मीठ दांडीत शिरलं की ओलावा धरून राहतं आणि दांडीला चीर पडू शकते, माझ्या एका चांगल्या पाईपला नेमकी अशीच पडली, मिठानेच पडली याची शपथ घेणार नाही पण तेव्हापासून मी कापूसच वापरतो. हे सगळं गॅसपासून, काडीपासून लांब करा, आणि नंतर पाईप चार-पाच दिवस उघडा सुकू द्या, लगेच पेटवायचा नाही. या दिवसांत स्टेम नीट बसत नाही, घट्ट वाटतं, कारण लाकूड फुगलेलं असतं. घाबरून टेनन घासू नका, सुकल्यावर आपोआप जागेवर येतं. तरी घट्टच राहिलं तर पेन्सिलीचं शिसं टेननला चोळा. सैल झालं असेल तर टेनन थोडा गरम करून भोकात किंचित जाड ड्रिल बिटची गुळगुळीत मागची बाजू सरकवायची, तो फुगतो.

आता ते हिरवं स्टेम. हिरवं पडलंय म्हणजे ते व्हल्कनाइट आहे, गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेड आणि ओलाव्याने त्यातलं गंधक वर येतं, तोच तो पिवळा हिरवा रंग आणि कडू चव. ॲक्रिलिकला हे होत नाही, पण ते दाताला दगडासारखं लागतं, म्हणून जुन्या लोकांना अजून व्हल्कनाइटच आवडतं. कपडे धुण्याची ऑक्सिजनवाली पावडर कोमट पाण्यात घालून स्टेम काही तास भिजवा, त्याआधी लोगोवर व्हॅसलीनचा थर द्या. बाहेर काढल्यावर थर मऊ झालेला असतो, खरखरीत कापडाने जितका निघेल तितका काढा, मग ओला पॉलिश पेपर चारशे, सहाशे, हजार, दोन हजार असं चढत जा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि शॉर्टकट नाही, चारशेचे ओरखडे नीट न काढता पुढे गेलात तर शेवटी चमक आल्यावर सगळे दिसतात. उकळतं पाणी वापरू नका, वाकडं स्टेम सरळ होऊन बसेल आणि रंगही आणखी बिघडेल. ब्लीच तर नकोच, खड्डे पडतात. दातांचे वळ मात्र उष्णतेने थोडे वर येतात, लायटरची ज्योत लांबून भराभर फिरवायची, एका जागी थांबायचं नाही, आणि त्या वेळी आत पाईप क्लीनर ठेवायचा म्हणजे वाट दबत नाही. आरपार भोक पडलं असेल तर कोळशाची पूड आणि सुपरग्लू असा उपाय आहे, पण पहिल्याच पाईपवर तो प्रयोग नको.

शेवटी मेण. कार्नोबा मेण कडक असतं, ते नुसत्या हाताने चढत नाही, बफिंगचं चाक लागतं. चाक नसेल तर हाताने लावायची मऊ पेस्ट मिळते, ती ठीक आहे. बाऊलच्या आत मेण जाऊ देऊ नका.

मग तुमच्या त्या दोन पाईपचं काय. हिरव्या स्टेमवाला बिनधास्त घ्या, तो रंग बघून गिऱ्हाईक पळतात म्हणून तो स्वस्त आहे आणि दोष सगळा वरवरचा आहे, एका रविवारचं काम. दुसऱ्याचा निर्णय नुसत्या बाऊलच्या फोटोवरून घेऊ नका. विकणाऱ्याला स्टेम काढून दांडीच्या तोंडाचा फोटो मागा आणि बाऊलच्या बाहेरच्या बाजूला कुठे काळपट डाग किंवा उभी चीर आहे का ते विचारा. इतका जाड केक म्हणजे मालकाचा तो लाडका पाईप होता, लाडका होता म्हणजे चांगला ओढत होता, पण त्याच केकने आतून तडा दिला असण्याची शक्यताही तेवढीच आहे. बाहेरून स्वच्छ असेल तर घ्या, आणि नवा पाईप महिनाभर पुढे ढकला.